मेन बंद घरातली प्रत

बाबा,

माझ्या घरातल्या सर्व्हरवरचं काहीही आता परत मिळणार नाही, हे काल दुपारी पक्कं झालं. बिघडलेल्या डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या एक बाई धरमपेठेत बसतात, त्यांनीच फोन करून सांगितलं. दोन्ही डिस्क त्यांनी उघडून पाहिल्या. पहिली सुरूच होत नाही आणि दुसरीच्या आतल्या तबकडीवर ओरखडे आहेत. मी विचारलं, थोडंफार तरी? त्या म्हणाल्या, "मॅडम, मी कोणाला खोटी आशा लावून ठेवत नाही. दुसरीकडे कॉपी असेल तर ती बघा." कॉपी आहे. म्हणजे असायला हवी. ती जुन्या घरी, तुमच्या खोलीत आहे आणि त्या घराचा मेन स्विच बंद आहे, कारण घराबाहेर पडताना तो बंद करायचा असं तुम्ही सांगून गेलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दादाचे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत, तरी तो स्विच अजून तुमच्याच हातात आहे. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं, त्यामुळे मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदातच सांगायची सवय आहे: मी तुमच्यावर रागावले आहे.

तुमच्या वेळी घरात आवाज ऐकायला रेडिओ आणि कॅसेटचा टेप एवढंच होतं, म्हणून आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. ऑफिसने मोडीत काढला तेव्हा मी तो घरी आणला, त्यावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली टाकली आणि बैठकीत पुस्तकांच्या कपाटाखाली ठेवून दिला. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो नुसता चालू असतो आणि घरातले कागद, फोटो, आवाज सांभाळतो. आत दोन डिस्क होत्या आणि त्या मिळून एक साठा, त्याला पूल म्हणतात. तुमच्या शेठच्या गांधीबागेतल्या कापडदुकानासारखं समजा. गिऱ्हाइकाला थान हवं असतं, ते कोणत्या मांडणीवरून आलं याच्याशी त्याला घेणं नसतं. माझ्या पूलमध्ये दोन डिस्क एकमेकींची जोड होत्या, एकीवर जे थान तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी असते. मे महिन्याच्या उन्हात पहिली गेली. मी घाबरले नाही. नवी डिस्क आणली, बसवली आणि उरलेल्या डिस्कवरून सगळं तिच्यावर भरायला लावलं. हे काम तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ जुन्या डिस्कला उसंत मिळत नाही. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, म्हणजे एकीचं जे वय तेच दुसरीचं. कूलरची हवा कपाटाखाली पोचत नव्हती. काम अर्ध्यावर आलं आणि तीही गेली.

तरीही मी घाबरले नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. जोड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. जोड एकाच दुकानात असते, आग लागली तर दोन्ही मांडण्या जळतात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तीतलं गोदाम. तुमच्या दुकानाच्या गल्लीत आग लागली त्यानंतर शेठनी अर्धा माल कळमन्याकडच्या गोदामात हलवला, तेव्हा मेटॅडोरमध्ये गठ्ठ्यांवर बसून तुम्हीच गेला होतात. मी ते शिकले. दुसरं एक छोटं मशीन घेतलं आणि जुन्या घरी दादाकडे ठेवलं. रोज दुपारी दोन वाजता ते माझ्या सर्व्हरला विचारायचं, नवीन काय आलं, आणि जे नवीन असेल ते इंटरनेटवरून आपल्याकडे ओढून घ्यायचं. दूरची प्रत, वेगळ्या छपराखाली. कागदावर यात काहीच चूक नव्हती.

गेलं ते काय, हे आता सांगते. आईचा आवाज गेला. आई माझ्याकडे राहते. मागच्या हिवाळ्यात, देवदिवाळीनंतर, मी दुपारी घरी असले की स्वयंपाकघरात तिच्यासमोर रेकॉर्डर ठेवायला लागले. ती खाली बसून हरभऱ्याची भाजी खुडायची, वाटाणे सोलायची आणि बोलायची. तुम्ही असताना ती इतकं कधी बोलली नव्हती, किंवा बोलत असेल आणि तुमच्या आवाजाखाली ते आम्हाला ऐकू आलं नसेल. माहेरचं बोलली, शेजारणींचं बोलली, आणि तुमचं बोलली. फ्रिजचा किस्सा तर तिने तीनदा सांगितला आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसली. "तुह्या बाबाचं काय सांगू वं. रामटेकले जाऊ तं मेन बंद, लग्नाले जाऊ तं मेन बंद. दही आंबून जाये, बर्फाचं पाणी घरभर. मी म्हटलं, हा फ्रिज हाय का कपाट हाय? तं म्हणे, कपाटच समज." रेकॉर्डरमधलं सगळं सर्व्हरवर टाकायचं आणि कार्ड पुसून पुढच्या कामाला मोकळं करायचं, ही माझी नोकरीतली जुनी सवय. मी पुसत गेले. सर्व्हरवर आहे, त्याची जोड आहे, वर दादाकडे प्रत आहे. तीन ठिकाणी आहे असं मी धरून चालले होते.

होळीच्या सुमारास आईला झटका आला. हातपाय बरेच सावरले, बोलणं गेलं. समजतं सगळं, नको ती भाजी ताटात वाढली तर ताट सरकवते, पण तोंडातून फक्त "हाव" येतं. हो असलं तरी हाव, नाही असलं तरी हाव. वाचा शिकवणाऱ्या मुलीकडे मी तिला नेते. ती मुलगी म्हणाली, "आजींचा आधीचा आवाज आहे का तुमच्याकडे? स्वतःचं बोलणं ऐकून, त्याच्याबरोबर म्हणायला लावू. ओळखीची चाल असली की जीभ वाट शोधते." मी सर्व्हरवरून लावलं. पहिले काही दिवस आई नुसती रडली. मग एका सकाळी आम्ही चहा पीत असताना फोनमधली आई म्हणाली, हा फ्रिज हाय का, आणि समोरची आई म्हणाली, "कपाट हाय." स्पष्ट. मी कप खाली ठेवला तो तसाच राहिला. त्यानंतर रोज थोडं थोडं, एकेक वाक्य, ती स्वतःच्या मागे चालायला लागली होती. तेवढ्यात डिस्क गेल्या. आता माझ्याकडे तिचा एकच तुकडा उरला आहे, फ्रिजचाच, कारण तो मी हसून हसून दादाला फोनवर पाठवला होता. आई रोज तेवढंच ऐकते आणि तेवढंच म्हणते. वाचा शिकवणारी मुलगी परवा हळूच म्हणाली, दुसरं काही मिळालं तर बरं होईल, नाहीतर जीभ त्या एका वाक्यातच घर करेल.

बाईंचा फोन ठेवला आणि मी दादाला लावला. मागे बँड वाजत होता.

"दादा, बाबांच्या खोलीतलं ते मशीन चालू आहे ना?"

"कोणतं, तू ठेवलेलं? आम्ही तं रामटेकले आलो वं. हिच्या भावाच्या पोरीचं लग्न हाय. घर बंद हाय."

"घर बंद आहे, पण मशीन?"

"मेन बंद केला तं मशीन कसं चालू राहीन?"

"आणि एरवी?"

"एरवी म्हणजे? ही सकाळी शाळेत जाते, मी दुकानात. घराले कुलूप, मेन बंद. बाबानं काय सांगितलं होतं, विसरली का?"

वहिनींनी दिवाळीनंतर शाळेत नोकरी धरली, हे मला माहीत होतं. मी अभिनंदनाचा फोनही केला होता. त्या नोकरीमुळे दुपारचं घर आता रिकामं असतं, आणि रिकामं घर म्हणजे मेन बंद, ही साधी बेरीज मी केली नव्हती. मी विचारलं, संध्याकाळी आल्यावर तरी चालू करता ना?

"करतो ना. मेन चढवतो."

"मेन नाही रे. मशीनचं बटन."

"त्याले बटनही दाबा लागते का? मले वाटलं फ्रिजसारखं आपोआप चालू होते." मग म्हणाला, "तू काहून वं इतकी चिडून राहिली? जुनं मशीन तं हाय."

"त्याच्यात आईचा आवाज आहे."

बँड वाजत राहिला. दादा फोन घेऊन मांडवाबाहेर आला. मग म्हणाला, "मंग हे आधी सांगाले पाहिजे होतं ना."

या घरात कोण कोणाला आधी सांगतं, बाबा?

तुमच्या नियमाचं मूळ मला माहीत आहे, तेव्हा ते ठाऊक नसल्यासारखी रागावत नाही. मला तुम्ही एकदा दुकानात नेलं होतं, दिवाळीच्या आधी फ्रॉकचं कापड घ्यायला. दुकान बंद होताना तुम्ही सगळ्या मांडण्यांवर चादरी टाकल्या, शेठनी हात जोडले आणि तुम्ही मागच्या भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. अख्खं दुकान एका क्षणात काळं झालं आणि अंधारात कोऱ्या कापडाचा वास तेवढा राहिला. गल्लीतलं जळलेलं दुकान तुम्ही मला बाहेरूनच दाखवलंत. वायर तापली, कोणी नव्हतं, आणि सकाळपर्यंत काही उरलं नाही. दुकानासाठी ते बरोबर होतं. पण तुम्ही ते दुकान उचलून घरी आणलंत. एकदा आपण सगळे रामटेकला निघालो होतो. बसस्टँडवर पोचल्यावर तुम्ही विचारलंत, मेन कोणी बंद केला? दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही नुसतं म्हणालात, "चला परत." डबे घेऊन आपण परत आलो, तुम्ही खटका ओढलात, आणि मग म्हणालात, आता बस गेली, रामटेक पुढच्या वेळी. आईने दशम्या काढून आम्हाला बाहेर ओट्यावरच जेवायला वाढलं. घरात अंधार होता म्हणून नाही, मेन तर लावता आला असता. पण कोणी म्हणालंच नाही, लावा. मलाही ते सुचलं नाही. तुमच्या न ओरडण्याचा धाक एवढा होता.

मला पहिली नोकरी परगावी लागली तेव्हा तुम्ही स्टेशनवर आलात आणि मला दोन सेलचा टॉर्च दिलात. आपल्या घरी त्याचं काम सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी परत आलो की तुम्ही टॉर्च घेऊन एकटे आत जायचात आणि मेन चढेपर्यंत आम्ही ओट्यावर उभे राहायचो. तुम्ही म्हणालात, तिथंही बंद करूनच निघत जा. आणि मग म्हणालात, उगाच फोन करत बसू नको, आम्हीही करणार नाही. फोन आला नाही म्हणजे समजायचं, सगळं ठीक आहे.

मी समजत गेले. ते पूर्ण वर्ष मी नव्या गावात, नव्या डेस्कवर, सगळं ठीक आहे असं समजत गेले. फोन येत नव्हता, म्हणजे ठीक. आणि तुम्ही इकडे पोट धरून सायकलवर गांधीबागेत जात होतात, डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हाला माहीत होतं, आईला माहीत होतं. शेजारच्यांनी ऑफिसमध्ये फोन लावला तेव्हा मी दुसऱ्या कोणाच्या तरी गावची बातमी लिहीत होते. मी पोचले तेव्हा तुम्ही डोळे उघडत होतात, बोलत नव्हतात. मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि तुम्ही भांडण्यापलीकडे गेला होतात. आईशी मी कधी त्यावर बोलले नाही. तिनेच यंदा काढलं, संक्रांत होऊन गेली होती, डब्यातले उरलेले तीळ ती निवडत होती. "मले म्हणत, पोरीले कळवू नको, नवी नोकरी हाय, धावत येईन अन् नोकरी जाईन. मी म्हटलं, तिले राग येईन. तं म्हणे, येऊ दे. राग उतरते." तिने तिळातला खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तुहा उतरला का वं?" मी रेकॉर्डर बंद केला.

नाही उतरला. माझ्या डेस्कवर मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत आले: बातमीदाराचा फोन आला नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही, त्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही असा होतो. तेव्हा आपण फोन करायचा. एकदा एका चांगल्या मुलाला यावरून मी सगळ्यांसमोर बोलले. आणि घरी येऊन मी काय केलं? तुमच्या खोलीतल्या मशीनला मी सांगून ठेवलं होतं, काही बिघडलं तरच मेल कर, रोज रोज ठीक आहे असं कळवून डोकं खाऊ नको. बंद पडलेलं मशीन मेल कसं करणार? ते महिनोन्‌महिने गप्प होतं आणि मी त्या गप्प राहण्याला सगळं ठीक असं वाचत होते. तुमची मुलगी आहे मी. हा रागाचा खरा भाग आहे, बाबा. दादाने तुमचा खटका घेतला आणि मी तुमचं गप्प राहणं घेतलं, आणि दोघांनी मिळून आईचा आवाज घालवला. तुम्ही म्हणाल, माझा यात काय दोष, मी आगीपासून वाचवायला सांगितलं होतं. तुम्ही सांगितलं होतंत. पण का, किती आणि कुठवर, ते कधी सांगितलं नाहीत. नियम दिलात आणि निघून गेलात. गेलेल्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही म्हणून तो नियम कोणी मोडला नाही, तुमच्या सुनेनेसुद्धा नाही, जिने तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय.

पण काल तिनेच दादाच्या हातून फोन घेतला. "ताई, मी एकदा बटन दाबलं होतं ना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले. बायांच्या पर्सा त्या खोलीत ठेवाच्या होत्या, झाडू माराले गेली तं त्या मशीनचा लाइट बंद. म्हटलं, ताईनं ठेवलेली वस्तू अशी बंद काहून? दाबलं तं हिरवा लाइट आला. रविवार होता, दिवसभर घरात बायाच बाया, मेन बंद कराचा सवालच नव्हता."

मी विचारलं, दुपारी दोन वाजता चालू होतं?

"दोन वाजता तं मी तिथंच बसून तिळाचे लाडू वळून राहिली होती. चालू होतं. तुम्हाले फोन करणार होती, पण म्हटलं त्यात काय सांगाचं."

त्यात काय सांगायचं. तीही शिकली.

तेव्हा हिशेब असा आहे. वहिनींच्या बटनामुळे देवदिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा आईचा आवाज तुमच्या खोलीत असण्याची शक्यता आहे, म्हणजे माहेर, शेजारणी, आणि फ्रिज, तिन्ही वेळा. त्यानंतरचं नाही. तुमच्या आजाराचं ती संक्रांतीनंतर बोलली, ते गेलं. ते आता फक्त माझ्या डोक्यात आहे, त्याला जोड नाही की गोदाम नाही. आईला ते पुन्हा सांगता येईल की नाही, माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं, तिच्याच शब्दांत. नाहीतर तुम्हाला पत्र लिहायची मला काही हौस नव्हती. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही उत्तर दिलं नसतंत.

चावी त्यांच्याबरोबर आहे. रविवारी संध्याकाळी ते रामटेकहून परततील. मी आईला घेऊन आधीच जाणार आहे. दादा टॉर्च लावून एकटा आत जाईल, आम्ही बायका ओट्यावर उभ्या राहू, आणि आत खटक्याचा आवाज होईल. मग मी तुमच्या खोलीत जाईन आणि बटन दाबेन. प्रत निघाली तर त्याच दिवशी तिच्या आणखी दोन प्रती होतील, आणि यापुढे प्रत्येक मशीन रोज सकाळी मला मेल करील, सगळं ठीक असलं तरी. दादालाही सांगितलंय, रोज फोन कर. तो म्हणाला, काय बोलू रोज? मी म्हटलं, काही नाही म्हणून सांग.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितलेली नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात अशी मशीनं ठेवायची खोली आहे. वीज कधी जात नाही, थंड हवा असते, आणि तिने स्वतःहून म्हटलं होतं, इथे आणून ठेव. सगळ्या शहाणपणाने मी तिथेच ठेवायला हवं होतं. मी तुमची खोली घेतली. त्या मशीनचा हिरवा दिवा तुमच्या खिडकीतून गल्लीतही दिसतो, आणि ते घर बंद असलं तरी तुमच्या खोलीत काहीतरी चालू असावं असं मला वाटत होतं. रविवारी तो लागला तर आधी आईला दाखवीन.